सायब उरनार

आमच्या चौकातून आभाळ दिसायचं म्हनून ब्यांकेचे सायब आमच्याकडं धावत यायचे. बाकी सगळ्या खिडक्यांना गज, आन गजांवर पुन्हा जाळी, चोरांच्या भीतीनं. आमी ब्यांकेच्या पोटातच राहायचो. पुढं ब्यांक, मागं आमची एक खोली, खोलीमागं एवढासा चौक, त्याच्या भिंतीवर काचा रोवलेल्या. माझा नवरा तिथं शिपाई. सायब वरच्या माडीवर एकटेच, बायको वारलेली, मुलगी पुन्याला दिलेली.

विमानाचा आवाज आला की सायब हातातलं काम टाकून उठायचे. पनवेलवरनं तेव्हा विमानं जायची, मुंबईला उतरायला. "आलो हं," असं बाहेरनंच ओरडायचे, कारन मी पोराला पाजत बसलेली असायची. मी पदर घेऊन भिंतीकडं तोंड करायची आन ते माझ्या अंगावरनं, पाटावरनं, ओल्या धुन्यावरनं टांगा टाकत चौकात जायचे. मान वर. हातात टाक तसाच, शाई अंगठ्यावर गळतेय. तिकडं काउंटरला एखादा म्हातारा अंगठ्याला शाई लावून, अंगठा हवेत धरून उभा. विमान गेलं की सायब परत जाऊन म्हनायचे, हं, लावा आता.

पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटायची. मला सगळ्याचीच वाटायची. चौथी झाली न झाली तोच घरी बसवलं, मग लगीन, मग पोर. करंजाड्याला माझ्या माहेरच्या घराला दारं किती होती कोनी मोजत पन नव्हतं, कुठनंपन आत या कुठनंपन बाहेर जा. आन इथं ब्यांकेला मागचं दारच नाय. नवरा टपाल घेऊन ठान्याला गेला की पुढची जाळी बाहेरनं ओढून कुलूप लावून जायचा, तसा नियमच होता. सायब कामाला बाहेर असले की आत मी आन पोर. मी पान्याचा हंडा पोराच्या उशाशी ठेवायची, आग लागली तर. चूल लवकर विझवायची. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला, म्हनाला ब्यांकेइतकी मजबूत जागा पनवेलात नाय. मजबूत हाय हेच तर मला भ्या.

आज पन कुलूप बाहेरनं हाय. तेव्हाचं अंगावरचं पोर ती मोठी, आता शाळेत गेलीय, धाकटा झोपलाय, म्हनून लिहायला बसले. सायबांची बदली झाली, नवीन सायब आभाळाकडं बघत नाय. कोनीतरी लिहून ठेवायला पायजे असं वाटलं, कारन लोक आता ती गोष्ट भलतीच सांगतात.

तर सायबांचं असं होतं. ते चौकात उभे राहून तुकड्या तुकड्यानं सांगायचे, आन मी भिंतीकडं तोंड करून ऐकायची, म्हनून त्यांचा चेहरा मला कमी माहीत, आवाज जास्त. ते देशावरचे. लहान असताना त्यांच्या गावात एक विमान तेल संपून पडीक शेतात उतरलं. गावची पोरं दिवसभर राखन बसली. चालवनाऱ्यानं जाताना ह्यांना पंखाला हात लावू दिला. "लोखंड असेल असं वाटलं होतं," सायब म्हनायचे, "कापड निघालं. आपल्या सदऱ्यासारखं कापड." तो हात त्यांनी घरी जाऊन धुतला नाय म्हने, आईनं मारलं तरी.

मग मोठं झाल्यावर लढाईच्या वेळी ते विमानात भरती व्हायला गेले. तिथं ठिपक्या ठिपक्यांचं चित्र दाखवलं आन विचारलं काय दिसतं. ह्यांना काय दिसेना. लाल आन हिरवा ह्यांना सारखाच. परत पाठवलं. मग ब्यांकेत लागले. ब्यांकेत लाल शाई पन लागते आन हिरवी पन लागते, आन तिथं कोनी ठिपके दाखवले नाय. माझा नवरा रोज सकाळी हिरवी दौत डाव्या हाताला ठेवायचा, ते दोघांचं गुपित होतं. मला माहीत होतं कारन मीच एकदा झाडताना उलट ठेवली आन दिवसभर गोंधळ.

काउंटरच्या वर त्यांनी बांबूच्या कामट्या आन पतंगाचा कागद लावून विमानं केलेली टांगली होती. गिऱ्हाइकांची पोरं रडायची ती वर बघून गप व्हायची.

एके दिवशी त्यांचा एक जुना दोस्त गाडी घेऊन आला. हा मुंबईला विमान चालवायला शिकवायचा, छोटी विमानं, पुढं एक मागं एक बसायचं. तो ती नोकरी सोडून लांब जानार होता. त्यानं सांगितलं, येत्या रविवारी ये, तुला पुढं बसवतो, खाडीवरनं पनवेलपर्यंत चक्कर मारून आनतो, पुढच्या रविवारी मी इथं नाय. सायबांच्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू धरायला लागलेला. ते चौकात येऊन मला म्हनाले, विमान नव्हतंच तेव्हा, नुसतेच आले. म्हनाले, "आत्ता नाही तर मग नाहीच." मी म्हनाले बरं. दुसरं काय म्हननार.

मग काय, सायबांच्या पोटात राहीना. जो येईल त्याला सांगायचे. कोळीवाड्याची एक मावशी होती, सुक्या मासळीचा तिचा धंदा, जीभ अशी की बाजारात तिच्यापुढं कोनी बोलायचं नाय. तिला पन सांगितलं, मावशी, रविवारी मी उडणार, वर बघा, हात करीन.

आता आमच्या बोलीतली एक गोष्ट सांगितली पायजे. आमच्या खाडीकडच्या मानसांच्या तोंडात शब्दाच्या मधे ड येत नाय, र येतो, आन ळ चा ल होतो. घोड्याला घोरा, वाड्याला वारा. मास्तरनं छड्या मारल्या म्हनून मला लिहिताना ड येतो, बोलताना र च. म्हंजे उडनार ते पन उरनार, आन शिल्लक राहनार ते पन उरनार. एकच शब्द. कोन कशाबद्दल बोलतंय त्यावरनं आपन समजून घ्यायचं.

मावशीनं बाजारात सांगितलं, ब्यांकेचा सायब रविवारी उरनार. तिनं सरळ सांगितलं होतं. पन बाजाराच्या ह्या टोकापासनं त्या टोकाला जाईपर्यंत पाखरू उरनार झालं. सायब पळनार. आदल्याच वर्षी पलीकडच्या गावात एक भिशीवाला लोकांचं घेऊन पळालेला, ते ताजं होतं. आन महिन्यामागं सायबांनी बायकोच्या लुगड्यांची ट्रंक मुलीकडं पाठवलेली, एसटीच्या टपावर चढवताना सगळ्यांनी बघितलेली. झालं. सामान आधीच गेलं, आता सायब.

शनिवारी ब्यांक उघडायच्या आधीच जाळीपुढं गर्दी. मी आतनं बघितलं, नुसती डोकी.  सायब हसत बाहेर गेले, म्हनाले अहो विमानातून, विमानातून उडणार, आन दोन्ही हात पसरून दाखवले. त्यानं तर आनखी बिघडलं. एसटीनं पळाला तर ठान्याला धरता येतो, विमानानं गेला तर कुठं धरनार. कोनीतरी म्हनालं, इमानातनं म्हंजे इलायतेला.

तेवढ्यात मागनं एक म्हातारा ओरडला, ब्यांकेत आमचं काय उरनार का नाय. आन माझा नवरा, भला मानूस, स्टुलावर उभा राहिला, हात वर केला आन जोरात सांगितलं, "उरनार, उरनार. सगलं उरनार."

त्याला म्हनायचं होतं शिल्लक राहनार. पन मागच्यांनी ऐकलं सगळं उडनार, आन शिपायानंच सांगितलं, मग आता काय राहिलं. जी रेटारेटी झाली, जाळी वाकेल असं वाटलं. मी पोराला घेऊन कोपऱ्यात बसले, पोराच्या कानावर हात ठेवून. मला वाटलं आता आत येतील, आन मागं दार नाय.

सायबांनी त्या दिवशी उशिरापर्यंत ज्यानं मागितलं त्याला त्याचं दिलं. तेव्हा बरेच लोक निवळले. पन सगळे नाय. रविवारी उजाडलं तर जाळीच्या बाहेर बाया मांडी घालून बसलेल्या, पाट्या पुढ्यात, आन मधोमध ती मावशी, पाठ जाळीला टेकून. मागं त्यांची मानसं.

सायब आंघोळ करून खाली आले. पांढरी पँट, बूट, आन एवढ्या उकाड्यात लोकरीचं स्वेटर, कारन दोस्तानं सांगितलं होतं वर थंडी असते. खिशात काळा चष्मा. त्यांनी चांगल्या शब्दात सांगितलं की मला जाऊ द्या, संध्याकाळी परत येतो. कोनी हललं नाय. मावशी मागं न बघताच म्हनाली, "सायब, तुमी जाल वर, आन आमी खालनं बोंबील सुकवत बघू, तसंच ना?" बाया हसल्या.

नवरा सायबांच्या कानाशी लागला, भिंतीवरनं उडी मारून फौजदाराला आनतो म्हनाला. सायब म्हनाले नको. म्हनाले, पोलिसांच्या मधून मी गेलो तर उद्या बँक उघडायची ती कुणासाठी. मग ते गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसले. एसटीची वेळ भरत आलेली. ते वाकले आन बुटाच्या नाड्या सोडायला लागले. एक सुटली, दुसरीची गाठ बसली, ती सुटेना. मोतीबिंदू. त्या गाठीवर त्यांची बोटं नुसती फिरत राहिली. मला ते बघवेना. मी इतकी वर्सं आत बसून कधी रडले नाय, पन ती नाडी बघून पदरानं डोळे पुसले.

मावशीनं पन मान वळवून गजातनं ते बघितलं. ती वाईट नव्हती. म्हनाली, सायब, आमच्यात कोनाची होरी, म्हंजे होडी, मागून नेली तर घरातलं एक मानूस होरीवाल्याच्या ओट्यावर बसतं. होरी परत येईपातुर. आमी बांधत नाय, चा देतो. पन उठायचं नाय. तुमी तसं मानूस बसवा आन जा.

सायब म्हनाले माझी मुलगी पुण्याला.

"इथं कोन हाय तुमचं?"

सायबांनी मान वर केली. सगळीकडं बघितलं, काउंटर, टेबलं, वरची कागदाची विमानं, माझा नवरा, मी. नजर आमच्यावरनं गेली पन थांबली नाय, त्यांना ते सुचलंच नाय. म्हनाले, "कोणी नाही."

आन मी म्हनाले, "मी हाय."

मी म्हनाले हे मला नंतर कळलं. नवऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं की पदराखाली पोर पन दचकलं. "येरी झाली का," म्हनाला, म्हंजे वेडी. मावशीनं उठून मला गजातनं न्याहाळलं. कोनाची तू, तिनं विचारलं. मी सांगितलं करंजाड्याची. घरान्याचं नाव सांगितलं, ते तिला माहीत निघालं. मग विचारलं, सायबाची कोन तू?

ह्याला काय सांगायचं. नात्याचा शब्दच नव्हता. मी म्हनाले, "ते रोज आमच्या घरात येतात, आभाल बघाया."

सगळे हसले. मागचे पन हसले. मावशी हसली नाय. म्हनाली, मंग चल.

नवऱ्यानं जाळी उघडली. सायब माझ्यापुढं थांबले, काहीतरी म्हनायला तोंड उघडलं, पन एसटीचा भोंगा झाला. ते एक नाडी सुटलेलीच धावत गेले.

मी कोळीवाड्यात मावशीच्या ओट्यावर जाऊन बसले, मांडीवर पोर. पुढं दांड्यावर बोंबील वाळत घातलेले, माशा, ऊन. मला वाटलं होतं ब्यांकेच्या बाहेर आले तर बरं वाटेल. तसं झालं नाय. येनारे जानारे थांबून मला बघायचे, ही ती सायबाची. एक बाई म्हनाली कोवली हाय बिचारी. बिचारी म्हनाली तशी मला धडकी भरली. मला पहिल्यांदाच ती ट्रंक आठवली. मी स्वतः ती बांधायला दोरी दिलेली. लुगडीच होती का? मी आत बघितलं नव्हतं. जर नाय आले तर? आन समजा यायचेच असतील, पन विमान पडलं तर? मग तर त्यांचा दोष पन नाय, आन मला ऊठ कोन म्हननार? मी मावशीला विचारलं, होरी बुडली तर काय करतात? ती म्हनाली, गप बस, तोंडातनं वंगाल काढू नको. 

नवरा दिवसभर फिरकला नाय. भीतीनं माझं दूध आटलं. पोर ओढायचं आन चिडून रडायचं. मावशीनं तांदळाची पेज केली, बोटानं त्याला चाटवली, मला पन वाटीभर दिली. 

दुपार कलली तेव्हा आवाज आला. नेहमीच्या मोठ्या विमानासारखा नाय, बारीक, भुंगा डब्यात कोंडल्यावर येतो तसा. सगळा कोळीवाडा बांधाकडं पळाला, म्हातारी कोतारी पन. ओट्यावर पुढं झावळ्यांचं छप्पर होतं, मला आभाळाचा तुकडा पन दिसत नव्हता. मावशी उठली, दोन पावलं गेली, परत आली.

"जा, बघून ये. मी डोले मिटते."

मी म्हनाले नको. नंतर तुमीच बोलाल उठली म्हनून.

"अगं माजा पन जीव हाय बघाया."

मी म्हनाले, तुमी जा ना मग.

"तू इथं बसलीस, मी कशी जाऊ? कोन बोलंल मावशीनं लक्ष नाय ठेवलं." आन ती माझ्या शेजारी बदकन बसली, चिडून.

तसं आमी दोघी छपराखाली बसलो. आवाज आमच्या डोक्यावरनं गेला, लांब गेला, वळला, परत आला. मावशीनं माझं मनगट धरलेलं. एकदा मधेच आवाज तुटल्यासारखा झाला आन तिची नखं माझ्या हातात रुतली. मग परत सुरू झाला, आन हळूहळू खाडीवरनं निघून गेला.

लोक भांडतच परत आले. एक म्हनाला सायबांनी पांढरा रुमाल हलवला. दुसरा म्हनाला रुमाल कसला, बगला होता तो. एक बाई शपथ घेऊन सांगत होती की सायब तिला नावानं हाक मारत होते. ज्याला त्याला वाटत होतं सायबांनी आपल्यालाच बघितलं. सकाळी तेच लोक जाळीशी होते.

संध्याकाळची एसटी आली, सायब त्यात नव्हते. मग परत कुजबूज. कोनीतरी म्हनालं बघ, उरला. मावशीनं त्याला चप्पल दाखवली, पन माझ्याकडं मात्र तिनं बघायचं टाळलं. दिवे लागले. पोर रडून रडून झोपलं. मी मनातल्या मनात करंजाड्याचं आमचं घर धरून बसले, कुठला दरवाजा कुठं उघडतो, एकेक करून.

मग पेंढ्याचा एक ट्रक नाक्यावर थांबला आन त्यातनं सायब उतरले. एसटी चुकलेली. अंगावर पेंढा, स्वेटरच्या पुढं डाग, चेहरा राखेसारखा. लोकांनी घेरलं. मावशी ओट्यावरनंच म्हनाली, "काय सायब, उरलात?"

सायब थांबले. इतकी वर्सं आमच्यात काढलेली, त्यांना तो शब्द दोन्हीकडनं कळत होता. म्हनाले, "दोन्ही, मावशी." लोक जे हसले, आन त्या हसन्यात आदल्या दिवसाचं सगळं संपलं.

मग ते माझ्यापुढं आले. पहिल्यांदाच मी भिंतीकडं तोंड केलं नाय. ते म्हनाले वरून पनवेल कुठलं ते कळेचना, नुसतं पानी आन मिठागरं चमकत होती, तुमची बँक कुठली, कोळीवाडा कुठला, काही नाही. हात केला तो अंदाजानंच. निघाल्यापासून परत येईपर्यंत ओकत होतो, हे बघा. डाग दाखवला. लोक परत हसले.

मला एकच विचारायचं होतं. "भ्या वाटलं?"

"खूप," ते म्हनाले. लोकांना ऐकू जाऊ नये म्हनून आवाज खाली केला. "पट्ट्यानं बांधलेलं होतं, खांद्यावरून, पोटावरून. हलता येत नव्हतं. सारखं वाटत होतं आता पडणार. पण सांगू का, खाली उतरल्यावर दोस्त म्हणाला ना, ऊठ आता, तेव्हा मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बसूनच राहिलो. त्याला दोनदा म्हणावं लागलं."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते पन बघत राहिले, मी काहीतरी बोलेन म्हनून. घरी चला, उशीर झाला, असं काही ते म्हनेनात, कारन मी का उठत नाय हे त्यांना कळत नव्हतं. लोक वाट बघत होते. नवरा पन कुठनंतरी येऊन मागं उभा होता.

शेवटी मावशीनं कपाळावर हात मारला. सायब, म्हनाली, तिला ऊठ म्हना. तुमच्या तोंडानं म्हनायला लागतं, त्याबिगर ती उठायची नाय.

सायबांचा चेहरा पडला. सकाळपासनं मी खरंच न उठता तिथं बसलेय हे त्यांना तेव्हा समजलं. त्यांनी हात जोडले.

"ऊठ, पोरी."

नवऱ्यानं पोर घेतलं. मी उठायला गेले तर कमरेखाली पायच नव्हते, नुसत्या मुंग्या. मी ओट्याच्या खांबाला धरून अर्धी उभी राहिले, आन सगळा कोळीवाडा गप होऊन बघत होता, मी कधी चालते.